वाचकांचे प्रश्न : बेट द्वारका

गुजरातमधल्या ओखा बंदराला बेट द्वारकेशी जोडणाऱ्या सुदर्शन सेतूची माहिती मागच्या अंकात आल्यावर बडोद्याच्या वाचकांची बेटाविषयी बरीच पत्रं आली. त्यांतल्या पाच प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : डिसेंबरात आम्ही सहा जण द्वारकेला जाणार आहोत. ओहोटीला बेटाच्या किनाऱ्यावर समुद्री जीव दिसतात म्हणे. ओहोटीची वेळ घरून कशी काढायची? एक दिवस पुरेल का? — एक वाचक, मांजलपूर

देवदर्शनाला अर्धा दिवससुद्धा पुरतो. २५ फेब्रुवारी २०२४ ला २.३२ किलोमीटरचा सुदर्शन सेतू सुरू झाला. त्याआधी ओख्याच्या धक्क्यावरून होडीनेच जावं लागे. किनारा बघायचा असेल तर मात्र ओख्याला किंवा द्वारकेला मुक्काम करा आणि तारीख रजा बघून नव्हे, पंचांग बघून ठरवा.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, म्हणून ओहोटीला जास्त किनारा उघडा पडतो. ओख्याला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत तीनेक मीटरचा फरक पडतो, भांगात तो बराच कमी होतो. उधाणाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी असतो, त्यामुळे प्रतिपदा किंवा द्वितीया उत्तम. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात (चतुर्थीला तीन वाजता), पण तो हिशोब त्या किनाऱ्याचा. ओख्याला तो लावू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओख्याचं स्वतंत्र पान असतं, ते घ्या. एका दिवसाची वेळ कळली की पुढच्या प्रत्येक दिवशी सुमारे पन्नास मिनिटं उशीर धरायचा. भरतीपासून ओहोटी साधारण सव्वासहा तासांवर.

पाणी सर्वांत खाली जाण्याच्या दोन तास आधी किनाऱ्यावर उतरा, पाण्याच्या मागोमाग पुढे जा आणि ते तळाला पोचलं की लगेच परत फिरा. बहुतेकांची चूक इथेच होते. वळलेलं पाणी पहिल्या तासात इतकं हळू येतं की माणूस निर्धास्त होतो. एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्शाएवढं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून मात्र निम्मा चढ होतो. शिवाय किनारा सपाट नसतो. मधल्या घळी आधी भरतात, म्हणजे तुम्ही उंचवट्यावर कोरडे उभे असता आणि परतीच्या वाटेवर मागे गुडघाभर पाणी झालेलं असतं.

पायात घट्ट बसणारे, रबरी तळाचे जुने कॅनव्हासचे बूट घाला. चपला शेवाळावर घसरतात आणि चिखलात रुतून बसतात. गढूळ पाण्यात पाऊल उचलून टाकू नका, तळ घासत सरकवा. वाळूत दबून बसलेला पाखट (काटेरी शेपटीचा चपटा मासा) चाहूल लागून निघून जातो, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. दगड उलटून पाहिला तर होता तसा परत ठेवा, कारण त्याच्या पोटाशी राहणारे जीव उन्हात तासाभरात मरतात. शंकूच्या आकाराचा देखणा शंख जिवंत असेल तर हातात घेऊ नका, त्याला विषारी नांगी असते. खेकडे आणि समुद्रफुलं (सी ॲनिमोन) सहज दिसतील. समुद्री काकडी किंवा ऑक्टोपस पाहायचा तर एका डबक्यापाशी पाच मिनिटं न हलता बसावं लागतं.

कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्याला ओख्यापासून नवलखीपर्यंत १९८० पासून सागरी अभयारण्य आहे, त्यातल्या काही भागाला १९८२ पासून राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आहे. तेव्हा कुठे उतरता येईल ते वनखात्याकडे आधी विचारा आणि लागेल तिथे परवाना काढा.

प्रश्न : बेट आपल्या बडोदे संस्थानात होतं असं घरातली मोठी माणसं सांगायची. ते खरं का? — एक वाचक, रावपुरा

खरं आहे. १८१७ च्या तहाने बेटासकट ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा मुलूख, गायकवाडांकडे आलं. तिथल्या लढवय्या वाघेर जमातीला हे कधीच मानवलं नाही. १८२० चा उठाव इंग्रज फौजेने मोडला. पुढे जोधा माणेक आणि मुळू माणेक यांच्या बंडात बेट आणि द्वारका वाघेरांनी घेतली, तेव्हा १८५९ मध्ये इंग्रजांनी समुद्रातून तोफा डागून ती परत मिळवली. बडोद्यात बसून तीनशे मैलांवरच्या या मुलखावर राज्य करणं कागदावर सोपं आणि प्रत्यक्षात महागच होतं.

सयाजीरावांच्या काळात या किनाऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं गेलं. १९०५-०६ मध्ये दरबाराने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून ओखामंडळच्या समुद्राची पाहणी करून घेतली. अहवाल दोन भागांत, १९०९ आणि १९१६ मध्ये निघाला. उद्देश व्यवहाराचाच होता, शंखाचं आणि मोत्यांचं उत्पन्न वाढेल का हे पाहण्याचा. मोती म्हणजे इथे काचेसारख्या पातळ, चपट्या शिंपल्यात सापडणारे बारीक मोती. उत्पन्नाचं काही झालं असो, तो अहवाल या किनाऱ्याच्या जीवसृष्टीच्या अभ्यासाला आजही उपयोगी आहे. ओखा बंदरही १९२० च्या दशकात संस्थानानेच बांधलं. १ मे १९४९ ला बडोदे मुंबई राज्यात विलीन झालं. १५ ऑगस्ट २०१३ पासून बेट देवभूमी द्वारका जिल्ह्यात आहे.

प्रश्न : बेटाला शंखोद्धार म्हणतात, म्हणून तिथला दक्षिणावर्ती शंख घ्यावा असं घरच्यांचं म्हणणं आहे. खरा कसा ओळखायचा? — एक वाचक, वाडी

फुंकायचं टोक खाली आणि निमुळती पन्हळ वर, तोंड आपल्याकडे, असा शंख धरा. तोंड डाव्या हाताला उघडत असेल तर तो नेहमीचा वामावर्ती. उजव्या हाताला उघडत असेल तर दक्षिणावर्ती. आपल्या पूजेतल्या शंखाच्या जातीत, टर्बिनेला पायरममध्ये, असा शंख अतिशय दुर्मिळ असतो. दुकानाच्या फळीवर चार-चार ओळीने मांडलेले असतील तर तिथेच शंका घ्या.

बाजारातले बहुतेक ‘दक्षिणावर्ती’ अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका वेगळ्याच गोगलगायीचे असतात. तिचा शंख जन्मतःच त्या बाजूला वळतो, त्यात दुर्मिळ असं काही नाही. वरचे पट्टे आणि खांद्यावरची टोकं घासून पांढरा केला की नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. पण आतलं घासता येत नाही. टॉर्च घेऊन शंखाच्या तोंडात प्रकाश टाका आणि मधल्या दांड्याकडे पाहा. आपल्या शंखाच्या दांड्यावर तीन-चार ठळक आडव्या वळ्या असतात, बोट घातलं तरी हाताला लागतात. दांडा गुळगुळीत असेल तर शंख परका. वळ्या आहेत पण भिंगाखाली बाहेरून वाढीच्या रेषा दिसत नाहीत आणि सुईच्या अग्राएवढे बुडबुडे दिसतात, तर तो साच्यात ओतलेला. तांदळात ठेवला की आपोआप सरकतो, कानाला लावला की गुणगुणतो, या परीक्षा सोडून द्या. गुणगुणतो तर पितळेचा तांब्यासुद्धा.

प्रश्न : मुलीला शाळेत ‘बुडालेली द्वारका’ हा प्रकल्प आहे. बेटाजवळ खरोखर काय सापडलं? — एक वाचक, सयाजीगंज

एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९८० च्या दशकात इथे शोध घेतला. बेटाच्या धुपणाऱ्या किनाऱ्यावर उत्तर-हडप्पा काळातली मातीची भांडी आणि शंखातून कोरलेली एक मुद्रा मिळाली, २० बाय १८ मिलिमीटरची, तीन डोक्यांच्या प्राण्याची. नंतर पाण्याखाली दगडी नांगर आणि रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. यावरून जुनी वस्ती आणि दूरचा व्यापार नक्की ठरतो. कृष्णाची नगरी सापडली, असं यावरून म्हणता येत नाही. प्रकल्पात तसं लिहू देऊ नका.

नांगराचं चित्र जरूर काढायला सांगा. त्रिकोणी शिळा, वरच्या टोकाला दोराचं भोक, खाली दोन चौकोनी भोकं. खालच्या भोकांत लाकडी खुंट ठोकायचे. ते तळात रुतून धरतात आणि शिळेचं वजन त्यांना दाबून ठेवतं. नुसता जड दगड प्रवाहात घसरत राहतो.

समुद्रात न उतरताही याच विषयाचा एक धागा बडोद्यात आहे. द्वारकेजवळचं नागेश्वर हे हडप्पाकालीन शंखकामाचं ठिकाण आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानेच खणलं. तिथे शंखाचं टोक फोडून, मधला दांडा काढून, उरलेल्या पोकळ भागाच्या करवतीने चकत्या पाडत. मग त्या आतून-बाहेरून घासल्या की बांगडी. आडव्या वळ्यांचा तो दांडा बांगडीच्या कामाचा नसे, त्यामुळे एका शंखातून थोड्याच बांगड्या निघत.

प्रश्न : डॉल्फिन आणि रोहित पक्षी कुठे दिसतील? मागच्या सहलीत आणलेला प्रवाळाचा दगड कपाटात ठेवला तर चालेल का? — एक वाचक, अलकापुरी

पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात फिरतात. बेटाची पश्चिम बाजू खडकाळ पठाराची. पूर्वेला हनुमान दांडीच्या पुढे वाळूच्या टेकड्या लागतात आणि टोकाला डनी पॉइंट. वारा नसलेल्या सकाळी तिथे उभं राहून पाहा. रोहितांसाठी बेटावर वेळ घालवू नका, द्वारकेच्या बाजूची चरकल्याची मिठागरं गाठा. बेटाच्या चिखलाच्या पट्ट्यांवर, तिवरांच्या कडेने, काळे-पांढरे क्रॅब प्लोव्हर पक्षी खेकडे टिपताना दिसतात.

प्रवाळ ठेवू नका. ते मेलेलं असलं तरी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं आणि बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. वनखात्याशी बोलून त्यांच्या हवाली करा. भिंतीवर लावायला ‘इंद्रजाल’ म्हणून जी काळी जाळीदार फांदी विकतात तीही समुद्रातली प्रवाळाचीच जात, तिलाही हाच कायदा.