पहिली तालीम आणि नवे गुरू

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नव्या गुरूंनी पहिल्याच बैठकीत आवाज लावण्याची पद्धत बदलायला सांगितली, आणि त्यामुळे लहानपणी गाण्याच्या पहिल्या बाईंनी जे शिकवले ते सारे वाया गेले की काय, ही शंका तुला छळते आहे. ती स्वाभाविक आहे. पण पहिल्या शिक्षकाकडून गळ्यात उतरलेले आणि कानात उतरलेले यांत फरक करायला हवा, एवढेच मला सुचवायचे आहे.

गळ्यातले बरेचसे सवयीचे असते. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, हनुवटी वर जाणे, ओळीच्या मध्येच श्वास तोडणे, 'आ' लावताना नकळत 'ओ' येणे, या गोष्टी मुले न सांगताही उचलतात. शिवाय वयात येताना आवाज बदलतो, तेव्हा बालवयातली लकब तशीच राखण्यात काही अर्थ नसतो. नवे गुरू सांगतात तसे खर्जावर, म्हणजे खालच्या स्वरांवर, मेहनत घे आणि जुने खुशाल सोडून दे. त्यात बाईंचा अवमान नाही.

कानाचे मात्र निराळे आहे. तुला बाईंनी कितीतरी महिने भूप रागच शिकवला, आणि धैवतावर, म्हणजे ध या स्वरावर, जरा रेंगाळले की त्या लगेच थांबवीत, हे तूच मला एकदा सांगितले होतेस. भूप आणि देशकार या दोन्ही रागांचे स्वर सा, रे, ग, प, ध हेच. पण भूपात गंधाराचे, म्हणजे ग चे, राज्य, तर देशकारात धैवताचे, आणि त्याचा सारा ओढा उत्तरांगाकडे, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागाकडे. देशकार हे नावही ठाऊक नसलेल्या वयात तुझ्या कानाला ती सीमारेषा कळू लागली होती. तसेच तानपुऱ्याचे. जोडाच्या, म्हणजे सा मध्ये लावलेल्या मधल्या, दोन्ही तारा एकमेकींशी मिळाल्या की नाही हे सांगितल्याशिवाय त्या सा लावू देत नसत. हे ऐकणे आता तुझ्या स्वभावाचाच भाग झाले आहे, आणि कोणताही नवा गुरू ते काढून घेणार नाही. उलट त्याच्या आधारावरच पुढची तालीम चालेल.

कुमार गंधर्वांचे उदाहरण पाहा. 1924 साली जन्मलेले कुमार बालवयातच नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत. पुढे ते मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकले. देवधर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य खरे, पण घराण्याचे कुंपण न मानता त्यांनी अनेक घराण्यांच्या गवयांकडून विद्या मिळवली. कुमारांच्या प्रौढ गायकीत देवधरांची नक्कल शोधून सापडत नाही; चौफेर ऐकण्याची ती मोकळीक मात्र जागोजागी जाणवते. माझ्या मते शिक्षकाचा प्रभाव तोलायचा तो असा.

सगळेच पहिले शिक्षक इतके चांगले असतात असे नाही, हेही सांगायला हवे. वर्गासमोर कुणी बेसूर म्हणून हसल्यामुळे पुन्हा कधी तोंड न उघडलेली माणसे आपल्या आसपास असतात. तोही प्रभावच, आणि तोही तितकाच टिकतो. पुढे तुझ्याकडे मुले शिकायला येतील तेव्हा याचा विचार कर. गुरुभक्तीच्या नावाखाली असली भीती जपून ठेवण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

तूर्त निदान काही महिने नव्या गुरूंसमोर "आमच्या बाई असे सांगत" हे वाक्य उच्चारू नकोस. तुलना मनात आली तर वहीत टिपून ठेव; पुष्कळदा दोघेही एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगत असल्याचे पुढे लक्षात येते. आणि बाईंना भेटायला अवश्य जा. नव्या चिजा गाऊन छाप पाडण्याची घाई नको. त्यांनी शिकवलेली भूपातली छोटी बंदिशच नव्या आवाजात गा आणि काय खटकते ते विचार. त्या स्पष्ट बोलतात. जे सांगतील ते लगेच खोडून न काढता घरी येऊन गाऊन पाहा आणि मग मला सविस्तर कळव.