पालघर आणि राईनपाडा, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून

तुमचा प्रश्न असा, की सोशल मीडियावर सरकारचा अंकुश हवा, की ज्याला पटत नाही त्याने अ‍ॅप काढून टाकावं आणि बाकी बाजारावर सोडावं? बरीच वर्षं मी ठामपणे दुसऱ्या बाजूचा होतो. आता तितका नाही.

आधी पालघर. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. पालघरच्या एका मुलीने त्या बंदवर फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने नुसतं लाइक केलं. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. हाताशी होतं आयटी कायद्याचं कलम ६६अ. मजकूर 'त्रासदायक' वाटला की तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पहिला निवाडा पोलीस ठाण्यातच. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल खटल्यात, ते कलम रद्द केलं. पण खोड गेली नाही. २०२३ मध्ये केंद्राने नियम आणला, की केंद्राच्या कामकाजाबद्दलची कोणती माहिती खोटी हे केंद्राचंच पथक ठरवणार! विनोदी कलाकार कुणाल कामरा वगैरे मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तिसऱ्यांकडे प्रकरण गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला. ज्याच्यावर टीका आहे त्यानेच खरं-खोटं ठरवायचं, हे मला कधीच मान्य होणार नाही.

मग राईनपाडा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं गाव, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेला होता, मूल परत आणून देतात तो भाग कापून पुढे ढकललेला. 'नको असेल तर अ‍ॅप काढा' हे त्या पाच जणांना कसं सांगणार? कंपनी आणि तिचे ग्राहक यांच्या व्यवहारात ते कुठेच नव्हते. बाजारवाद्यांनी याचं उत्तर द्यायला हवं, मला ते सापडलेलं नाही.

त्यानंतर सरकारने व्हॉट्सअ‍ॅपला खडसावलं. मेसेजवर 'फॉरवर्डेड'चा शिक्का आला, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा आली. कुणाचं एक वाक्यही पुसलं गेलं नाही, फक्त वेग कमी झाला. असं नियमन मला हवं आहे. यंत्रणेच्या रचनेवर सरकारने जरूर बोट ठेवावं, मजकुराचा निवाडा मात्र न्यायालयाने करावा.

आणि सरकारला आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली, म्हणजे मजकूर बंद करायच्या अधिकाराखाली, पोस्ट बंद करायचीच असेल, तर जिने लिहिली तिला आदेशाची प्रत द्या. त्या कलमाच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम हे सगळं गोपनीय ठेवायला सांगतो, त्यामुळे आपलं लिखाण का गेलं हे लिहिणाऱ्याला कळतच नाही, मग तो दाद कशाविरुद्ध मागणार? माझी पहिली मागणी तो नियम काढण्याची आहे.