चागास आजार किती गंभीर होईल हे परजीवीच्या स्ट्रेनवरून सांगता येतं का? सगळ्यात घातक स्ट्रेन कुठला?

सेमिनारसाठी हवंय असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय म्हणून आधीच सांगतो, चागास म्हणजे ट्रिपॅनोसोमा क्रूझी या सूक्ष्म परजीवीचा आजार, स्ट्रेन म्हणजे त्या परजीवीचा उपप्रकार, आणि 'सगळ्यात घातक स्ट्रेन' असं काही नसतं. प्रदेशाप्रदेशात स्ट्रेनमुळे फरक दिसतो, पण समोर बसलेल्या एका पेशंटचं हृदय पुढे खराब होणार का, हे स्ट्रेन बघून आजही कोणाला सांगता येत नाही. जो सांगतो तो थापा मारतोय.

टीसी-१ ते टीसी-६ हे या स्ट्रेनचे गट तुम्हाला माहीत असतीलच, त्यात शिरत नाही. अर्जेंटिना, बोलिव्हिया, चिली, पॅराग्वे आणि ब्राझीलचा मधला-खालचा भाग, इथे माणसांत मुख्यतः २, ५ आणि ६ सापडतात. अ‍ॅमेझॉनच्या वर, म्हणजे कोलंबिया, व्हेनेझुएला, मध्य अमेरिका, मेक्सिको, तिकडे टीसी-१ चं राज्य. अन्ननलिका किंवा मोठं आतडं फुगून बसण्याचा प्रकार दक्षिणेत दिसतो, उत्तरेत क्वचितच. इथपर्यंत कोणाचं भांडण नाही. पण एवढ्यावरून लोकांनी टीसी-१ म्हणजे सौम्य असं ठरवून टाकलं ना, तिथे माझं डोकं फिरतं. कोलंबियात टीसी-१ नेच माणसांची हृदयं निकामी होतात. २००७ मध्ये कराकसच्या एका शाळेत पेरूच्या रसातून शंभराच्या आसपास लोकांना लागण झाली, एक लहान मूल गेलं, तिथेही टीसी-१ च होता. सौम्य म्हणे!

मी मूळचा चंद्रपूरचा, पण काही वर्षं स्पेनमध्ये पोस्टडॉक केलं, तिकडे बोलिव्हियातून आलेले लोक भरपूर त्यामुळे चागासवर कामही भरपूर चालतं. आमच्या बॉसची एक लाडकी स्लाइड होती, लॅटिन अमेरिकेचा नकाशा, खालचा भाग लाल, वरचा हिरवा, लाल म्हणजे जहाल आणि हिरवा म्हणजे काळजी नको. प्रत्येक कॉन्फरन्सला तीच. तर झालं असं की बोलिव्हियाच्या एका पेशंटचं हृदय बदललं आणि काढलेल्या जुन्या हृदयाचे तुकडे आमच्याकडे आले. रक्त आधीच कल्चरला, म्हणजे त्यातले परजीवी नळीत वाढवायला, लावलेलं होतं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीय काय वैताग असतो, एलआयटी मीडियमच्या, म्हणजे परजीवी वाढवायच्या खाद्यद्रवाच्या, नळ्या २८ डिग्रीला ठेवायच्या, दर थोड्या दिवसांनी थेंब काढून स्लाइडवर बघायचा, आठवडेच्या आठवडे काही नाही, आणि मग एक दिवस कोपऱ्यात गुच्छ करून वळवळणारे एपिमॅस्टिगोट, म्हणजे परजीवीचं कल्चरमध्ये वाढणारं रूप, दिसतात. कल्चरमधून टीसी-५ आला, बॉस खूश, नकाशात बसला.

मी मात्र हृदयाच्या तुकड्यातून कल्चर न करता थेट डीएनए काढला आणि मिनी-एक्झॉनचा पीसीआर, म्हणजे परजीवीच्या एका जनुकाचा तुकडा वाढवून गट ओळखायची टेस्ट, लावला. जेलवर वरची पट्टी आली, म्हणजे टीसी-१. दुसऱ्या तुकड्यातून परत केलं, नवीन किट उघडून केलं, निगेटिव्ह कंट्रोल कोरा, पट्टी तीच. बॉस बघायलाही तयार नाही, 'कंटॅमिनेशन' म्हणून मोकळा! अहो, कल्चरमध्ये जो स्ट्रेन भराभर वाढतो तोच शेवटी उरतो, बाकीचे मागे पडतात. वाफ्यात तण माजलं म्हणून तेच पेरलं होतं असं म्हणायचं का? टेबलात कल्चरचा निकाल गेला आणि माझ्या रिझल्टपुढे 'अनिर्णित' लिहिलं. आणि हे काही मी जगावेगळं बोलत नव्हतो, अर्जेंटिनात हृदय बदललेल्या पेशंटांमध्ये रक्तात एक गट आणि हृदयात दुसरा असं त्याआधीच छापून आलं होतं. त्याहून जुनं ब्राझीलचं काम बघा, उंदराला दोन स्ट्रेन एकत्र टोचले तर एक हृदयात जास्त सापडला आणि दुसरा गुदाशयात, आणि उंदराची जात बदलली की ही वाटणी पण बदलली.

हे शेवटचं नीट वाचा, कारण आजार परजीवी एकटा घडवत नाही, ज्याच्या अंगात तो शिरलाय तोही घडवतो. आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात २००४ मध्ये एका शेतकऱ्याला जनावरांच्या सर्रा रोगाचा परजीवी झाला होता, तो याच ट्रिपॅनोसोमाच्या कुळातला पण क्रूझी नव्हे. माणसाला तो सहसा होत नाही. या माणसाच्या रक्तात असे परजीवी मारणारं एपीओएल-१ हे प्रोटीनच नव्हतं म्हणून झाला, सुरामिन या औषधाने बरा झाला. चागासमध्ये हे प्रोटीन असंच काम करतं असं माझं म्हणणं नाही, पण माणूस बाजूला ठेवून नुसत्या स्ट्रेनवर बोलू नका.

औषधाचंही तेच. २०१५ ची 'बेनिफिट' नावाची औषध-चाचणी, २८५४ पेशंट, सगळ्यांचं हृदय आधीच बिघडायला लागलेलं. चागासच्या बेन्झनिडाझोल या औषधाने ब्राझीलमध्ये रक्तातला परजीवी कोलंबिया-एल साल्वाडोरपेक्षा जास्त साफ झाला, पण हृदयाच्या तब्येतीत कुठेच म्हणावा तसा फरक नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू, नाहीतर कोणीतरी कॉमेंटमध्ये येईलच. स्ट्रेन बिनकामाचा नाही. उंदरांत 'कोलंबियन' स्ट्रेन बेन्झनिडाझोलला दाद देत नाही हे खरंय. दक्षिणेच्या परजीवीवर बनवलेले काही अँटिबॉडी किट मेक्सिकोकडे कमी पडतात हेही खरं, म्हणून दोन वेगवेगळ्या टेस्ट करायच्या असतात. आणि मी डॉक्टर नाही, लॅबवाला आहे.

सेमिनारमध्ये तो लाल-हिरवा नकाशा टाकू नका. टाकलाच तर प्रत्येक ठिपक्याखाली लिहा की नमुना रक्ताचा, कल्चरचा की अवयवाचा, मग बघा किती ठिपके उरतात. गाईडनी 'पेशंटला याचा उपयोग काय' विचारलं तर सांगा की स्ट्रेन शोधत बसण्याआधी ईसीजी आणि इको काढा, आणि लहान मूल असेल किंवा लागण ताजी असेल तर स्ट्रेन कुठलाही असो, औषध लगेच सुरू करा.