बेळगावजवळच्या भूतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात ध्रुवीय अस्वल ठेवता येईल का? त्याला जागा किती लागेल?

ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत.

जागेचं आधी. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या नियमात दोन अस्वलांना किमान 500 चौरस मीटर मोकळी जागा सांगितलीय, म्हणजे आपल्या हिशोबानं जेमतेम पाच गुंठे. बेळगावच्या वडगावात एवढ्यात चार घरं बसतात! पण हा आकडा किमान आहे, पुरेसा नव्हे. इंग्लंडच्या यॉर्कशायर वाइल्डलाइफ पार्कनं अस्वलांसाठी सुमारे 10 एकर दिलेत, म्हणजे 400 गुंठे, आणि त्यात खोल तळी.

नुसती जागा देऊनही भागत नाही. पायाखाली काँक्रीट नको. माती, गवत, लाकडाचा भुसा हवा, कारण त्याला उकरायला लागतं. लांबवरचं दिसेल असा उंचवटा हवा, माणसांच्या नजरेआड जायला आडोसा हवा. खाणं रोज त्याच वेळी पुढ्यात टाकण्यापेक्षा लपवून, बर्फात गोठवून द्यायचं. नाहीतर ते एकाच वाटेवर येरझारा घालत बसतं.

आता हवामानाचं. सिंगापूरला इनुका नावाचं अस्वल 1990 साली तिथंच जन्मलं. 2004 मध्ये त्याच्या पोकळ केसांत शेवाळ वाढून ते चक्क हिरवं दिसू लागलं. 2018 ला ते गेलं. नवं ध्रुवीय अस्वल आणायचं नाही, हे तिथल्या प्राणिसंग्रहालयानं आधीच ठरवलं होतं. आपल्या पावसाळ्यात तर भिंतीसुद्धा हिरव्या होतात.

अस्वलच बघायचं असेल तर आपलं काळं काय वाईट आहे? भीमगडच्या जंगलात आहे की.