वाचकांचे प्रश्न : कामाचा प्रवास आणि पंचतारांकित पाहुणचार

कामानिमित्त परगावी जाणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात, म्हणून ती एकत्र घेत आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी वाळूजच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांच्या तपासणीसाठी मला महिन्यातून एकदोनदा परराज्यात जावे लागते. गेल्या वेळी आमच्या कार्यालयाने घेतलेली साधी खोली परस्पर रद्द करून पुरवठादाराने मला पंचतारांकित हॉटेलात उतरवले. स्वागताला फुलांचा हार होता, खोलीत फळांची परडी होती आणि संध्याकाळी दीड तासाच्या मसाजची वेळही ठरवून ठेवलेली होती. दिवसभर यंत्रांपाशी उभे राहून पाय इतके भरून आले होते, की मी नको म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी मालात दोष सापडले आणि ते मी अहवालात जसेच्या तसे लिहिले. आता त्यांचे अधिकारी फोन करतात आणि म्हणतात, "मॅडम, आम्ही तुमची एवढी सोय केली, तुम्ही थोडे सांभाळून घ्यायला हवे होते." माझे काही चुकले का? — एक भगिनी, वाळूज

उत्तर : तुमच्या हातून जे सर्वांत महत्त्वाचे होते ते बरोबर झाले आहे, हे आधी सांगते. अहवाल खरा लिहिला गेला. तो आता कोणाच्याही फोनमुळे एका शब्दानेही बदलू नका. चूक झाली ती एवढीच, की खोली बदलल्याचे कळले त्याच क्षणी तुम्ही आपल्या वरिष्ठांना कळवले नाही, आणि ही चूक आजही दुरुस्त होण्यासारखी आहे.

माझे बालपण परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. दारात पाहुणा आला, की आजी आधी पाय धुवायला पाणी देई, मग गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवी, आणि पाहुणा टेकल्यावरच "कोण गावचे, काय काम काढले" ही विचारपूस सुरू होई. काम कळण्याआधीच पाहुणचार होऊन गेलेला असे, त्यामुळे त्याचा कामाशी संबंध जोडणे शक्यच नव्हते. आपल्या छत्रपती संभाजीनगरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात जी पाणचक्की आहे, तिच्यावर दळलेल्या पिठाच्या भाकऱ्या यात्रेकरू आणि फकीर खात असत. खाणाऱ्याकडून काही येणे नव्हते. तुमच्या पुरवठादाराला मात्र तुमचे काम आधी ठाऊक होते आणि हार त्या कामाच्या गळ्यात पडला होता. त्यांच्या अधिकाऱ्याच्या फोनने ते उघडही झाले, कारण ज्या सोयीची आठवण करून दिली जाते, ती सोय देणाऱ्याने हिशेबात धरलेली असते.

ही सीमारेषा कोठे आखावी, याचा एक चांगला नमुना केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत सापडतो. सहज घडलेले एखादे जेवण, गाडीतून कोठे सोडणे किंवा तसा इतर सामाजिक पाहुणचार यांना ते नियम भेट मानत नाहीत. पण फुकट प्रवास, राहणे आणि भोजन यांची गणना भेटीत करतात आणि ज्यांच्याशी कार्यालयीन व्यवहार आहे अशा व्यक्तींकडून वा कंपन्यांकडून उंची किंवा वारंवार होणारा पाहुणचार घेणे टाळावे, असे स्पष्ट सांगतात. तुम्ही सरकारी नोकरीत नाही, तरी हा निकष खासगी नोकरीतही तंतोतंत उपयोगी पडतो. वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाण्यातील अनेक कारखान्यांचा व्यवहार परदेशांशी आहे आणि ब्रिटनचा २०१० चा लाचविरोधी कायदा दोन खासगी कंपन्यांमधील लाचेलाही लागू होतो, त्यामुळे अशा कंपन्या भेटी आणि पाहुणचार यांची नोंद ठेवायला सांगतात. तुमच्या कंपनीची आचारसंहिता मनुष्यबळ विभागाकडून मागून घ्या आणि ती नीट वाचा.

आता करायचे ते असे. वरिष्ठांना आजच ईमेल पाठवा. खोली कोणी बदलली, मसाज कोणी ठरवला, तुम्ही तो घेतला, अहवाल काय दिला आणि त्यानंतर कोणते फोन आले, हे तारखांसह आणि कोणतेही विशेषण न वापरता लिहा. हॉटेलचे आणि मसाजचे बिल आपल्या कंपनीने किंवा तुम्ही स्वतः पुरवठादाराला चुकते करावे, असा प्रस्ताव त्यातच मांडा. या पुरवठादाराची पुढची तपासणी दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावी, असेही सुचवा. त्यात तुमचा कमीपणा नाही, उलट तुमच्या अहवालाला आधार मिळेल. पुन्हा फोन आलाच, तर "तपासणीबद्दल काही म्हणायचे असेल तर ते लेखी पाठवा, मी ते वरिष्ठांपुढे ठेवीन" एवढेच बोलून फोन ठेवा.

पाय दुखत होते म्हणून तुम्ही मसाज घेतला, याची लाज बाळगू नका. शरीर थकते आणि त्याला विसावा हवा असतो. पुढच्या दौऱ्यात हाच मसाज स्वतःच्या पैशांनी घ्या, म्हणजे नंतर कोणाचा फोन येणार नाही. माझ्या नोकरीच्या काळात मी असे अनेकदा केले आहे आणि त्या तासाभराने दुसऱ्या दिवसाचे काम अधिक चांगले झाले, असाच माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा असून नांदेडला एका संस्थेत नोकरी करतो. संस्थेच्या खर्चाने चार दिवसांच्या परिषदेसाठी केरळला जायचे आहे. राहण्याच्या ठिकाणी आयुर्वेदिक स्पा आहे आणि तेथे स्वतःच्या खर्चाने अभ्यंग, शिरोधारा किंवा पंचकर्म करून घ्यावे, असे मनात आहे. मला मधुमेह आहे. शिवाय घरी विषय काढला, तर "मालिश करून घ्यायला चाललात का?" असे सगळे हसतात आणि संकोच वाटतो. — एक वाचक, नांदेड

उत्तर : संकोचाचे आधी बोलू, कारण अडचण त्याचीच अधिक दिसते. ज्या घरात बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून शेकण्यासाठी चाळीस दिवस बाई येते आणि नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणे लावल्याशिवाय आंघोळ होत नाही, त्या घराला अभ्यंग परका नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात राजस्नानाचा प्रसंग रंगवलेला आहे. सेवक घटांनी राजपुरुषाच्या अंगावर पाणी ओतत आहेत. अंगाची निगा राखणे ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. मध्यंतरी काही ठिकाणच्या गैरप्रकारांमुळे "मसाज पार्लर" हा शब्द बदनाम झाला, आणि त्याची सावली चांगल्या केंद्रांवरही पडली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चार दिवसांच्या परिषदेत पंचकर्म होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही वैद्याच्या देखरेखीखाली, आधीची तयारी आणि नंतरचे पथ्य सांभाळून कित्येक दिवस चालणारी चिकित्सा आहे. हॉटेलच्या पत्रकात तासाभराच्या सेवेला कोणी पंचकर्म म्हणत असेल, तर त्या शब्दासाठी जादा पैसे देऊ नका. अभ्यंग म्हणजे कोमट तेलाने सर्वांगाला केलेले मर्दन आणि शिरोधारा म्हणजे कपाळावर संथपणे सोडलेली तेलाची धार. या दोन्ही गोष्टी तुम्हाला परिषदेनंतरच्या संध्याकाळी सुखाने घेता येतील. केरळमधील चांगल्या केंद्रांत पुरुषांसाठी पुरुष आणि स्त्रियांसाठी स्त्री उपचारक असण्याचा रिवाज आहे. तरीही वेळ ठरवतानाच विचारून घ्या.

मधुमेहाबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण येथे हलगर्जीपणा महागात पडतो. जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि तेथे जो माहितीचा अर्ज भरून घेतात, त्यात मधुमेह, रक्तदाब, चालू औषधे आणि पूर्वीच्या शस्त्रक्रिया यांपैकी काहीही लपवू नका. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. अशा पायांना गरम तेल, गरम पोटली किंवा बाष्प यांचा चटका बसला तरी कळत नाही. तेलाचा गरमपणा आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहायला सांगा, आणि पायाला जखम किंवा भेग असेल तर तो भाग वगळा. इन्शुलिन घेत असाल तर उष्णतेने ते शरीरात लवकर शोषले जाते आणि साखर एकदम उतरू शकते, म्हणून उपाशीपोटी जाऊ नका, आणि भरल्या पोटीही जाऊ नका. हलके खाऊन तासा-दीड तासाने जावे. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या असू द्या. बाष्पाच्या खोलीत साधारण ४० ते ४५ अंश तापमान आणि भरपूर दमटपणा असतो, तर सौना या कोरड्या उष्णतेच्या खोलीत ७० ते १०० अंशांपर्यंत तापमान असते. डॉक्टरांनी परवानगी दिली तरच यांत जा, आणि तेही थोडी मिनिटे. चक्कर, धडधड किंवा घाबरल्यासारखे वाटले, की शिष्टाचाराचा विचार न करता बाहेर या.

अंगावर कोठे हात लागलेला चालणार नाही, हे आरंभीच सांगायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि मध्येच "थांबा" म्हणण्याचाही आहे. अंगठी, साखळी खोलीतील तिजोरीत ठेवा.

प्रश्न : जालन्यात माझे बी-बियाणे आणि खतांचे दुकान आहे. विक्रीचे उद्दिष्ट पूर्ण केल्याबद्दल एक कंपनी आम्हा काही दुकानदारांना थायलंडला नेणार आहे. मोठे हॉटेल, स्पा, सगळे त्यांच्याकडून. यावर कर लागतो असे कोणी म्हणाले. खरे आहे का? — एक दुकानदार, जालना

उत्तर : खरे आहे. व्यवसायातून वस्तूच्या किंवा सोयीच्या रूपाने मिळणाऱ्या लाभावर, एका वर्षात त्याचे मूल्य २०,००० रुपयांपेक्षा जास्त झाल्यास, देणाऱ्याने १० टक्के कर कापून भरावा, अशी तरतूद १ जुलै २०२२ पासून लागू झाली. सहलीचे मूल्य कंपनीकडून लेखी घ्या आणि आपल्या कर सल्लागाराला दाखवा, कारण ते तुमच्या व्यवसायाच्या उत्पन्नात धरले जाते.

तुम्ही विचारले नाही, तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. थाई मालिशची परंपरा मोठी आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, आणि ती अवश्य अनुभवावी. पण मृगाच्या तोंडावर दुकानात आलेला शेतकरी सोयाबीनची किंवा सरकीची पिशवी तुमच्या शब्दावर उचलतो. कोणते बियाणे त्याच्या रानात चांगले येईल, हे सांगताना उद्दिष्टाचा आकडा मध्ये येऊ लागला, तर त्या सहलीचे पैसे शेवटी त्या शेतकऱ्याच्या खिशातून जातील. तसे होणार नाही अशी स्वतःची खात्री असेल, तर निर्धास्तपणे जा. खात्री नसेल तर पुढच्या हंगामापासून सहलीऐवजी रोख सूट मागा आणि तीतला काही भाग शेतकऱ्याला बिलात उतरवून द्या.

प्रश्न : मी बीडचा, सध्या शेंद्र्यात नोकरीला आहे. प्रशिक्षणासाठी जर्मनीला जात आहे. तेथील सहकारी एका रविवारी बाडेन-बाडेनला स्नानगृहांत नेणार आहेत आणि तेथे कपडे न घालता जावे लागते असे ऐकले. नाही म्हटले तर त्यांना राग येईल का? आणि एकंदरीत अशा ठिकाणी सेवा करणाऱ्यांना बक्षिसी किती द्यावी? — एक वाचक, बीड

उत्तर : राग येणार नाही. जर्मन सहकारी स्पष्ट उत्तराचा मान ठेवतात, असा माझा अनुभव आहे. बाडेन-बाडेन हे युरोपातील ज्या ११ स्नाननगरांना २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांपैकी एक आहे. तेथील भूगर्भातून येणारे पाणी ६८ अंशांपर्यंत तापलेले असते. आपल्या किनवट तालुक्यातील उनकेश्वरचे उष्ण झरे तुम्ही पाहिले असतील, तर जमिनीतून आपोआप गरम पाणी येण्याचे नवल तुम्हाला वेगळे समजावून सांगायला नको. १८७७ साली सुरू झालेल्या फ्रीडरिक्सबाड या जुन्या स्नानगृहात परंपरेने वस्त्राविना स्नान करतात. त्याच्या जवळच १९८५ मध्ये उघडलेले काराकाला थेर्मे आहे, आणि तेथील तलावांत पोहण्याचा पोशाख घालूनच उतरतात. वरच्या मजल्यावरील सौनात मात्र तो चालत नाही. सहकाऱ्यांना आधीच सांगा, "मला यायला आवडेल, पण आमच्याकडे अशी सवय नाही, म्हणून आपण काराकालाला जाऊ आणि मी खालच्या तलावांतच थांबेन." आपले तिकीट आपण काढा. पाण्यात उतरण्यापूर्वी साबणाने स्वच्छ अंघोळ करणे आणि आत मोठ्याने न बोलणे, हे मात्र कसोशीने पाळा. फोन कपाटात ठेवा.

बक्षिसीचे म्हणाल, तर भारतात आधी बिल वाचा. ग्राहकाला न विचारता बिलात सेवाशुल्क जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हॉटेल आणि उपाहारगृहांना बजावले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ते शुल्क काढायला सांगून तेवढेच पैसे उपचार करणाऱ्या व्यक्तीच्या हातात द्यावेत, असे मी करते. ती रक्कम कंपनीच्या खर्चात दाखवू नका. ज्या हातांनी तासभर तुमचे पाय चेपले, त्या व्यक्तीचे नाव विचारा, तिला "तुम्ही" म्हणा, आणि निघताना आपल्याकडे तेल लावणाऱ्या बाईला पहिला चहा देतात त्याच भावनेने तिला पाणी घेतले का, हे विचारा. आठ-दहा जणांना मालिश करून दिवसाच्या शेवटी या लोकांचे अंगठे आणि मनगटे किती दुखतात, हे मला एका उपचारक भगिनीने सांगितले तेव्हापासून मी संध्याकाळची शेवटची वेळ घेणे सोडले आहे.