छातीत धडधडतं, पण ईसीजी नॉर्मल. डॉक्टर ‘अँक्झायटी’ म्हणतात, म्हणजे नक्की काय?

अँक्झायटी म्हणजे काळजी-भीतीचा आजार. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे तुम्ही नाटक करताय असं नाही. मला पहिला झटका पुण्याहून साताऱ्याला येताना एसटीत, खंबाटकी घाटात आला. हात गार, घशाला कोरड, पुढच्या सीटची दांडी घट्ट धरलेली. वाटलं, संपलंच. पाचवड येईपर्यंत ओसरलं होतं. हा पॅनिक अटॅक: साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतो, मग उतरतो.

६ महिने जवळपास रोज कशाची ना कशाची काळजी, झोप नाही, खांदे आखडलेले, तर तो अँक्झायटीचा जनरलाइज्ड प्रकार. चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटणं, हा सोशल.

उपचारांत सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचा, मला जास्त उपयोग झाला. टाळलेल्या गोष्टीकडे थोडं थोडं परत जायचं. मी पहिल्या दिवशी नुसता स्टँडवर बसून, चहा पिऊन घरी आलो! एसएसआरआय (नैराश्य-अँक्झायटीवर रोज घ्यायच्या) गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्या मनानं बंद करू नका. लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची मात्र सवय लागू शकते. थायरॉइडही एकदा तपासून घ्या, त्यानंही धडधडतं. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला संकोच वाटत असेल तर आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलतात.