संगणकीय संज्ञानात्मक मेंदूविज्ञानात पीएचडी करायची आहे, पण मेंदूविज्ञानाची पदवी नाही. अर्ज करावा का?

आपण अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे, मशीन लर्निंगचे काम केले आहे, मात्र मेंदूविज्ञान कधी रीतसर शिकलेला नाहीत. तेव्हा थेट पीएचडीसाठी अर्ज करावा की आधी आणखी एक पदव्युत्तर पदवी घ्यावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अर्ज करावा. या क्षेत्रात, म्हणजे शिकणे, निर्णय घेणे यांमागचे मेंदूचे काम गणिती मॉडेलांनी समजून घेण्याच्या शास्त्रात, भौतिकशास्त्र, गणित, मानसशास्त्र अशा निरनिराळ्या वाटांनी लोक येतात आणि मज्जापेशींविषयीची प्राथमिक माहिती पहिल्या वर्षात शिकून घेता येते. खरी अडचण वेगळीच असते, आणि ती मी भोगलेली आहे.

पहिल्या खेपेला मी पीएचडीसाठी सात ठिकाणी अर्ज केले आणि सातही ठिकाणांहून नकार आला. आज तो अर्ज काढून वाचला, तर कारण शोधत बसावे लागत नाही. दोन पानांच्या उद्देशनिवेदनात पायथन, पायटॉर्च अशा साधनांची जंत्री होती, पण वर्तनाविषयी किंवा मेंदूविषयी मला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, याचा पत्ता नव्हता. शेवटी ‘मेंदूचे गूढ उकलण्याची लहानपणापासूनची ओढ’ तेवढी होती. हे वाक्य निवड समितीला दर वर्षी किती जणांकडून वाचावे लागत असेल, कोण जाणे.

पुढच्या वर्षभरात मी एकच छोटे काम तडीस नेले. अपेक्षित फळ (बक्षीस) आणि प्रत्यक्ष मिळालेले फळ यांतील तफावतीवरून प्राणी शिकतो, असे मांडणारे रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांचे मॉडेल 1972 सालचे आहे. याच प्रकारच्या तफावतीची सांगड शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी 1997 साली मेंदूतील डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींच्या स्पंदनांशी घातली. दोन पर्यायांतून पुनःपुन्हा एक निवडण्याच्या प्रयोगाचा खुला डेटा घेऊन मी हे मॉडेल त्याला लावून पाहिले आणि सहभागींच्या दोन गटांच्या शिकण्याच्या दरात, म्हणजे प्रत्येक तफावतीनंतर अपेक्षा किती बदलते त्यात, फरक आढळला म्हणून हरखून गेलो. नंतर एका ज्येष्ठ विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून उलटी तपासणी केली, म्हणजे शिकण्याचा दर आणि निवडीतला ठामपणा यांच्या किमती स्वतःच ठरवून संगणकावर खोटे सहभागी तयार केले आणि त्याच किमती मॉडेल परत शोधून देते का, ते पाहिले. प्रत्येकी 40 निवडींमध्ये ते जमेना: सावकाश शिकणारा पण ठाम सहभागी आणि चटकन शिकणारा पण डळमळीत सहभागी यांच्यात मॉडेलची गल्लत होत होती. माझा निष्कर्ष बाद झाला. दुसऱ्या अर्जात मी या फसलेल्या निष्कर्षावरच अर्धे पान लिहिले, आणि मुलाखतीतले जवळजवळ सगळे प्रश्न त्या अर्ध्या पानावर आले. आपणही असे एखादे काम हाती घ्यावे. पायाभूत भाग कच्चा वाटत असेल, तर 2020 पासून चालणारी न्यूरोमॅच अकॅडमीची ऑनलाइन उन्हाळी शाळा उपयोगी पडेल.

विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक पाहावा. त्यांचे गेल्या तीन-चार वर्षांतले शोधनिबंध वाचले की कामाचा पोत कळतो: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गॅट्सबी विभागासारखी ठिकाणे सिद्धान्त आणि गणिताकडे झुकलेली आहेत, तर इतरत्र बहुतेक वेळ एफएमआरआयच्या (रक्तप्रवाहातील बदलांवरून मेंदूचे काम टिपणाऱ्या स्कॅनच्या) खोलीत जातो. एफएमआरआयचा संकेत घटनेनंतर सुमारे 5 ते 6 सेकंदांनी शिखर गाठतो, म्हणून आपला प्रश्न क्षणार्धातल्या निर्णयांचा असेल, तर ईईजी किंवा एमईजी (मेंदूचे विद्युत आणि चुंबकीय संकेत क्षणोक्षणी टिपणारी तंत्रे) वापरणारा गट अधिक योग्य ठरेल. अमेरिकेत साधारणपणे डिसेंबरच्या सुमारास संपूर्ण कार्यक्रमासाठी अर्ज करावा लागतो आणि पुष्कळ ठिकाणी पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून मग मार्गदर्शक ठरतो. युरोपात मात्र अनेक जागा एखाद्या ठरावीक प्रकल्पासाठी नोकरीसारख्या जाहीर होतात, त्यामुळे तिकडच्या जाहिरातींवर वर्षभर लक्ष ठेवावे लागते. विद्यावेतन किती वर्षांचे आहे, हे दोन्हीकडे आधीच विचारून घ्यावे.

मार्गदर्शकांना पाठवायचा ईमेल दहा ओळींच्या आत असावा: त्यांच्या एखाद्या निबंधातून आपल्याला पडलेला एक प्रश्न, आपण केलेले एक काम आणि यंदा ते विद्यार्थी घेणार आहेत का, ही विचारणा. उत्तर आले नाही, तर दोन आठवड्यांनी एकदाच स्मरण द्यावे आणि तो नकार आहे असे समजू नये. माझ्या आजच्या मार्गदर्शकांनी माझ्या पहिल्या ईमेलला उत्तर दिलेच नव्हते.